मेणाची वहिनी

१

"डॉक्टरीणबाई, माझी बायको कुणीतरी पळवली हो!"

सकाळी दवाखान्याचं शटर मी अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात पंपमास्तर त्याखालून वाकून आत घुसले आणि हे बोलले. खुर्चीत पेशंट नव्हता म्हणून बरं. मास्तरांची बायको, म्हणजे आमची वहिनी, जाऊन काही वर्षं झाली होती, आणि हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"मास्तर, बसा आधी. पाणी प्या," मी म्हटलं.

"पाणी कसलं पाजताय! मेणाची बायको म्हणतोय मी. डोकं गेलंय, डोकं!"

'ते दिसतंच आहे' हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोने, हातातला चिमटा खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मुकाट गिळले.

तुम्हाला आधी सगळं नीट सांगतो, नाहीतर तुमचाही गोंधळ व्हायचा. रिटायर झाल्यापासून मी हिच्या दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसतो. नावं पुकारतो, पेशंटना धीर देतो आणि मधल्या वेळात रहस्यकथा वाचतो. आजवर एकाही पुस्तकातला खुनी मला शेवटच्या पानाआधी सापडलेला नाही. ही असल्या पुस्तकांना हातसुद्धा लावत नाही, आणि गल्लीत कुणाचं काही हरवलं की लोक येतात ते हिच्याकडे. शिंप्याची कात्री हिनेच शोधली, शाळेची घंटाही. मेणाचं डोकं हरवलं म्हणून चौकीवर गेलं तर तिथे काय हसं होईल, हे मास्तरांनाही कळत होतं.

मास्तरांचं दुकान आमच्या मागच्या अंगाला. जन्मभर त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त केले. पंपाच्या पोटात एक पात्यांचं चाक असतं, ब्राँझचं. ते झिजलं की मास्तर परसातल्या भट्टीत नवं ओतायचे. एकदा मुशीत थोडं ब्राँझ उरलं आणि ह्यांनी गंमत म्हणून त्याचा एक बगळा ओतला. झालं! त्या दिवसापासून माणूस हातचा गेला. ना शाळा, ना गुरू. धातू कुठे अडला आणि का अडला, हे ते भट्टीशी भांडून भांडून शिकले. अजूनही पुतळ्याला एखादं भोक राहिलं तर त्यात आटे पाडून पंपासारखा स्क्रू बसवतात. बाकीच्या शिल्पकारांना भोक दिसेल याची काळजी असते, ह्यांना ते गळेल याची.

वहिनी गेल्यावर त्यांनी तिचं डोकं करायला घेतलं. दिवसभर मेण थापायचं, संध्याकाळी लांब उभं राहून बघायचं, "अजून नाही" म्हणायचं आणि सगळं कढईत टाकून वितळवायचं. असं किती वेळा केलं ते देव जाणे. पण आता छाती साथ देईना. धूर बंद, असं डॉक्टरांनी बजावलं आणि लेकीने ते चांगलंच मनावर घेतलं. उद्या सकाळी शेवटची भट्टी पेटायची आणि मग ती पाडायची, असं ठरलं. म्हणून या खेपेला मास्तरांनी डोकं वितळवलं नव्हतं. आपले डोळे ताजे व्हावेत म्हणून आठवडाभर ते फडक्याखाली झाकून ठेवलं होतं, आणि आज शेवटचा हात फिरवून त्यावर साचा चढवायचा होता.

"आणि आज फडकं उचललं," मास्तर म्हणाले, "तर खाली उपडं पातेलं!" ते अखेर खुर्चीत बसले. "उद्या भट्टीत ती नसली तर ती कधीच होणार नाही हो, बाई. पुन्हा करायला माझ्यात दम नाही."

ही उठली आणि हात पुसत मला म्हणाली, "अहो, सगळ्या पेशंटना दुपारनंतर यायला सांगा."

२

मास्तरांच्या शेडमध्ये मेणाचा आणि जुन्या ग्रीसचा वास कायमचा भरून राहिलेला. खिडकीशी टेबल, टेबलावर ते पातेलं, बाजूला फडकं. भिंतीवर वहिनीचे फोटो टाचलेले. लग्नातला, लेकीच्या बारशाचा, ओळखपत्राचा. हिने ते एकेक करून पाहिले.

"सगळ्यांत ओठ मिटलेले आहेत, मास्तर."

"कॅमेरा समोर आला की ती तसंच करायची. पुढचा दात अर्धा तुटलेला होता ना. मीही ओठ मिटलेलेच केले. समोर जे आहे तेच माणूस करणार की नाही?"

दाराची किल्ली बाहेरच खिळ्याला टांगलेली असते आणि जेवणानंतर मास्तर ताणून देतात, हे गल्लीत कुणालाही विचारा. म्हणजे आठवड्यातल्या कुठल्याही दुपारी कुणीही आत येऊ शकलं असतं. मी तसं बोलून दाखवलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

भिंतीशी उद्याच्या भट्टीचे साचे ओळीने मांडलेले होते. मला यातलं फार कळत नाही, तरी मास्तरांनी सांगितलं ते असं: मेणाचं काम झालं की त्यावर प्लास्टर आणि विटांच्या पुडीचं जाड पांघरूण चढवायचं. भट्टीत मेण वितळून वाहून जातं, आणि राहिलेल्या पोकळीत ब्राँझ ओतायचं.

"विटांची पूड कशाला?" मी विचारलं.

"नुसतं प्लास्टर आगीत तडकतं. माझे सुरुवातीचे कितीतरी बगळे त्यात वाया गेले. सांगणारं कुणी नव्हतं ना तेव्हा!"

साचे सगळे ओबडधोबड, मातकट लाल. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्यातला जरा गुळगुळीत, बुटका बघून टेकलो. बुडाला एकदम गार लागलं.

"अहो, उठा, उठा!" मास्तर ओरडले. "मान मुडपून बसलेला बगळा आहे त्यात! माझा शेवटचा!"

मी दचकून उठलो. बगळ्यावर बसायची माझी ही पहिलीच वेळ.

ही तोवर टेबलावर वाकली होती. मास्तरांचं मेण काळपट तपकिरी, राळ मिसळलेलं. टेबलाच्या फटीत त्याचे पुष्कळ तुकडे अडकले होते. हिने पर्समधून चिमटा काढला, त्यातला एकच कण उचलला आणि उजेडात धरला. तो कण चक्क गुलाबी होता.

"हे मेण मास्तरांचं नाही," ही म्हणाली. "हे आपल्या दवाखान्यातलं आहे."

३

दवाखान्यात येताच हिने आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. कवळी बनवताना दातांचे डॉक्टर गुलाबी मेणाच्या पट्ट्या वापरतात, त्यांचा खोका तिथे असतो. खोका कुणीतरी फोडून पुन्हा जागच्या जागी ठेवला होता.

"गेल्या आठवड्यात मी तुम्हाला म्हटलं होतं, आठवतंय? दातांचं एक मॉडेल कमी आहे म्हणून."

आठवत होतं. कपाटाच्या वरच्या फळीवर पेशंटच्या दातांची प्लास्टरची मॉडेलं असतात, त्यातलं एक गायब झालं होतं. दात कोण चोरणार, ज्याचे पडलेत तोच, असं म्हणून मी तेव्हा खूप हसलो होतो. एकटाच.

"कुणाचं होतं ते?"

"वहिनीचं. तिचा तुटका दात भरून द्यायचं माझ्या मनात होतं, तेव्हा माप घेतलं होतं. पुढे तिनेच नको म्हटलं."

आता मात्र मला हसू आलं नाही. एकाच बाईचे आधी दात गेले आणि मग डोकं. मला वाटलं हे एखाद्या वेड्या संग्राहकाचं काम असणार, आणि मी तसं म्हणालो. ही म्हणाली, "वेड्याचं राहू द्या. गेल्या आठवड्यात आतल्या खोलीत कोण कोण आलं होतं, ते सांगा."

पेशंट तर बाहेरच्या खुर्चीवरूनच परत जातात. आत गेलेली माणसं मोजकीच. मास्तरांची लेक आली होती, ती घरचीच असल्यामुळे थेट आत जाऊन हिच्याशी गप्पा मारत बसते. कलादालन चालवणाऱ्या बाई आल्या होत्या, त्यांना आमच्याकडचा आरसा बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आणि आतल्या छताला ओल आली होती, ते प्लास्टर करायला वहिनीचा धाकटा भाऊ आला होता. सारी गल्ली त्याला मामाच म्हणते.

"तिघंही मास्तरांच्या शेडमध्ये जाणारी," मी म्हटलं.

"आणि तिघांनाही वहिनी माहीत," ही म्हणाली. "चला, स्कूटर काढा."

४

लेक तिच्या घरी वडलांसाठी खोली आवरत होती. मास्तरांच्या कानशी आणि छिन्न्या ठेवायला तिने खिडकीखाली एक फळी ठोकून घेतली होती. आम्ही सगळं सांगितल्यावर ती पलंगावर बसली ती बसलीच.

"काकू, तुम्हाला माझाच संशय आला ना?"

"तुला भट्टी बंद करायची आहे, हे खरं ना?" हिने विचारलं.

"हो, करायची आहे! बाबांचा खोकला तुम्ही कधी शेजारच्या खोलीत झोपून ऐकलाय का? पण ते डोकं मी कशाला नेऊ?" तिचे डोळे भरून आले. "खरं सांगू? मनात आलं होतं. बाबा रोज संध्याकाळी आईला वितळवायचे. एकदा मी त्याच वेळी तिथे गेले. कढईत अर्धा चेहरा बुडालेला, आणि बाबा शांतपणे पळीने ढवळत होते. तेव्हापासून संध्याकाळची मी तिकडे फिरकले नाही."

ही तिच्या शेजारी जाऊन बसली.

"यंदा वाटलं, चला, एकदाची आई ब्राँझची होईल. मग त्यांच्या हाताने नाही वितळायची. मी कशाला पळवीन तिला?" लेकीने पदराने नाक पुसलं. "मामा म्हणतो, ती मुळात आईसारखी दिसतच नाही. ते ऐकल्यापासून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत."

आम्ही निघालो तशी ती दारापर्यंत आली आणि जरा घुटमळली.

"काकू, चुगली वाटेल, पण सांगते. त्या दालनवाल्या बाई काल दुपारी बाबांच्या दुकानासमोर गाडीत काहीतरी चढवत होत्या. भलं मोठं खोकं होतं. एकट्याने उचलेना, इतकं जड."

५

दालनवाल्या बाईंचा बॉबकट चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतो. मी रस्ताभर मनाशी खूणगाठ बांधून आलो होतो की चोर हीच. त्यांनी तर पहिल्याच वाक्यात माझं काम सोपं केलं.

"डोकं नाहीसं झालं? छान झालं! मी त्यांना शंभरदा सांगितलं, ते ओतू नका. मेणातच ठेवा. ब्राँझ केलं की त्यातला श्वास जातो."

"तुमच्या गाडीतलं खोकं बघायचं आहे," मी छाती पुढे काढून म्हटलं.

बाईंनी सरळ गाडीची डिकी उघडली. खोक्यात भुसा भरलेला, भुशात काहीतरी गोल, डोक्याएवढं. मी हिच्याकडे एक विजयी नजर टाकून दोन्ही हात आत घातले आणि बाहेर काढलं ते पंपाचं जुनं, झिजलेलं पात्यांचं चाक.

"ही मास्तरांची पहिली कलाकृती," बाई म्हणाल्या. "त्यांनी स्वतःच दिली. आता जागच्या जागी ठेवा, माझ्या गाडीला तेल लागतंय."

ठेवलं बापडं. हिने मात्र शांतपणे विचारलं, "तुम्हाला त्या डोक्यात एवढं काय आवडलं होतं?"

"ते मिटलेले ओठ! किती गंभीर, किती अबोल बाई!"

ही गोड हसली आणि आम्ही निघालो. स्कूटरवर मागे बसल्यावर माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाली, "ह्या नाहीत. मेण आवडणारी बाई मेण चोरेल एक वेळ, पण मिटल्या ओठांवर जिचा जीव, ती दातांचं मॉडेल कशाला नेईल? ज्याने दात नेले, त्याला ते तोंड उघडं हवं होतं."

वहिनी आणि अबोल! मला आत्ता हसू फुटलं. वहिनी हसायला लागली की आमच्या दवाखान्यातली ड्रिल मशीन ऐकू यायची नाही.

६

मामा एका नव्या दुकानाच्या छताला कंगोरे करत शिडीवर उभा होता. पांढऱ्या प्लास्टरची रेघ त्याच्या हातून अशी सरळ सुटत होती की बघत राहावं. आम्हाला पाहून तो खाली उतरला, पण थापी काही हातातून सोडेना.

"भावोजींनी पाठवलं का?"

"नाही. आम्हीच आलो," ही म्हणाली. "डोकं हरवलंय. कळलं ना?"

"कळलं." त्याने थापीची कड अंगठ्याने पुसली. "तुम्हीच सांगा डॉक्टरीणबाई, ताई कधी तोंड मिटून बसली होती? हसायची तर पडजीभ दिसायची. आणि भावोजींनी काय केलं, तर ओठ शिवून टाकले. मी म्हटलं, ही माझी ताई नव्हे. त्यावर ते म्हणाले, चालता हो. आणि माझ्यादेखत सगळं कढईत टाकलं. त्यांना सांगायची सोयच नाही. कुणी चकार शब्द काढला की वितळव."

"फोटोंतही तिचे ओठ मिटलेलेच आहेत."

मामाने मान फिरवली. "दातामुळे. तो माझ्यामुळे तुटला. लहान होतो, तिला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि उतारावर सोडली सायकल. घरी तिने सांगितलं, मीच पायरीवर पडले. पण जन्मभर फोटोत ओठ मिटून बसायची पाळी आली ना तिच्यावर."

मग निघताना ही म्हणाली, "डोकं सापडलं नाही तर मास्तर हाय खातील, मामा."

"सापडेल हो," मामा पटकन म्हणाला. "भट्टी उद्या सकाळीच पेटणार ना? नक्की ना?"

बाहेर त्याचा टेम्पो उभा होता. ही चपलेचा पट्टा लावत होती तेवढ्यात मी मागचं फडकं वर करून डोकावलो. प्लास्टरची पोती, फळ्या, आणि पोत्याखाली कसलं तरी लाल ओबडधोबड ढेकूळ. डोकंबिकं काही नव्हतं. मी तसं हिला सांगितलं आणि आपली फेरी फुकट गेली म्हणून हळहळलो.

ही नुसती त्या दुकानाच्या छताकडे बघत राहिली.

७

दवाखान्यात पेशंट येऊन बसले होते. मी नाव पुकारायला उठलो तर एक आजीबाई दुखऱ्या गालावर हात ठेवूनसुद्धा हसायला लागल्या.

"अहो, मागे काय लावून घेतलंय?"

आरशात पाहिलं. पॅंटच्या बुडाला हा भला मोठा पांढरा गोल! मी झटकायला लागलो तर ही धावत आली आणि चारचौघांत माझा हात धरला.

"थांबा, झटकू नका! कुठे बसला होतात?"

"कुठे म्हणजे? मास्तरांच्या बगळ्यावर. तुझ्यासमोर तर बसलो होतो."

"मग डाग लाल का नाही?"

मी वळून आरशात तो डाग पुन्हा पाहिला.

"मास्तर विटांची पूड घालतात. त्यांच्या साच्यावर बसलं तर डाग लाल पडायला हवा. ह्या साच्यात पूड नाहीच, नुसती वरून भुरभुरवली आहे, ती बसताच झडली, खाली सगळं पांढरं प्लास्टर. तेही अजून ओलं. तुम्हाला गार लागलं होतं ना?"

"लागलं होतं. पण मग माझ्याखाली काय होतं?"

"वहिनी," ही म्हणाली.

मी मटकन खुर्चीत बसलो, डागासकट.

हिचा चेहरा मात्र उतरला होता. "अहो, नुसतं प्लास्टर आहे ते. उद्या भट्टीत गेलं की तडकणार, मेण निखाऱ्यात वाहून जाणार. काही म्हणता काही उरणार नाही." तिने हत्यारांचा ट्रे उचलला. "मामाला फोन करा, म्हणावं टेम्पो घेऊन ये. लेकीलाही बोलवा."

८

शेडमध्ये आम्ही सगळे जमलो. साच्यांच्या ओळीसमोर ही उभी राहिली.

"ज्याला डोकं नष्ट करायचं होतं, त्याने ते तिथल्या तिथे कढईत टाकलं असतं. ज्याला जवळ ठेवायचं होतं, त्याला दातांची गरज नव्हती. म्हणजे चोराला डोकं पुरं करायचं होतं, आणि मास्तर ते पुन्हा वितळवतील ही त्याला भीती होती. मास्तरांच्या हातांपासून मेण सुरक्षित राहील अशी एकच जागा आहे. साच्याच्या आत. एकदा प्लास्टर चढलं की मास्तर काही करू शकत नाहीत, सरळ ब्राँझच बघायचं."

"पण माझे साचे तर सगळे जागेवर आहेत!" मास्तर म्हणाले.

"एक बदललाय. तुमचा बगळा टेम्पोत आहे, पोत्याखाली. ह्यांनी त्याला ढेकूळ म्हटलं." सगळे माझ्याकडे वळले. मी छताकडे बघू लागलो. "आणि त्याच्या जागी हा. कडा बघा ह्याच्या. तुमच्या हातून इतकी गोल, इतकी साफ कड कधी आलीय का? ही छताला कंगोरे करणाऱ्याच्या थापीची कड आहे. छताच्या प्लास्टरमध्ये विटांची पूड घालत नाहीत, म्हणून ह्यातही घातली नाही."

मामाने मान खाली घातली. "मला वाटलं, पूड नुसती रंगाला घालतात," तो पुटपुटला. मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे उद्या... ताई फुटली असती?"

मामा तिथेच जमिनीवर बसला.

मास्तर तावातावाने पुढे आले. "माझ्या कामाला हात लावलास तू?"

"मास्तर, भांडण नंतर," ही म्हणाली. "आधी तिला बाहेर काढू. दिवा जवळ घ्या कुणीतरी."

दाताचं किटण काढायच्या बारीक हत्याराने तिने ओलं प्लास्टर खरवडायला सुरुवात केली. ही काम करताना पेशंटशी बोलते ती सवय जाईना. "हं, थोडंच राहिलं. दुखणार नाही," असं ती त्या साच्याशी बोलत होती. लेक दिवा धरून उभी होती. दुपार कलली तरी कुणी जागचं हललं नाही.

सगळ्यात आधी दिसले ते दात. गुलाबी मेणाचे, ओळीने, आणि समोरचा एक अर्धा. मॉडेलवरून ठसा घेऊन मामाने ते ओतले होते. मग ओठ, गाल, नाक. गरम सुरीने उघडलेले ओठ एका बाजूला जरा खेचल्यासारखे झाले होते, ते मलाही कळलं. पण हसत होती. आमची वहिनी तोंडभर हसत होती. लेकीने डोळे पुसायला हात उचलला, म्हणून दिवा मी घेतला.

मास्तरांनी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि आपली सुरी तापवली. शेजारीच कढई होती.

"बाबा, नको ना," लेक म्हणाली.

त्यांनी सुरी ओठाच्या कोपऱ्यावर फिरवली, एकदाच. अंगठ्याने तिथलं मेण दाबलं. मग नेहमीसारखे मागे चालत दारापाशी जाऊन उभे राहिले. तिथून ते काय म्हणतात हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"पडजीभ तेवढी राहिली," मास्तर म्हणाले. आणि मग चेहरा ओंजळीत धरून, "झालं. झालं हो, डॉक्टरीणबाई."

मामा उठून उभा राहिला. "भावोजी, तो दात तेवढा पुरा करा. तिला लाज वाटायची त्याची. माझ्यामुळे."

"लाज?" हिने हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. "मामा, मी तो दात फुकट भरून देणार होते. मॉडेल त्यासाठीच केलं होतं. तर ती काय म्हणाली, सांगू? म्हणाली, 'राहू द्या. आमचा धाकटा तापट आहे. चिडला की मी त्याला हा दात दाखवते, लगेच गार होतो. हा भरला तर त्याला कशाने गप्प करू?' आणि हसली, अशीच. फोटोचं म्हणाल तर तो दात तिने घरच्या माणसांसाठी ठेवला होता. परक्यांना कशाला दाखवील?"

मामाने तोंडावर हात घेतला. हसतोय की रडतोय, मला नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"भट्टी परवा," मास्तर नाक ओढत म्हणाले. "नवा साचा वाळायला हवा."

"परवा म्हणजे परवाच हं, बाबा," लेक म्हणाली.

मास्तरांनी कोपऱ्यातली चाळण उचलली आणि मामाच्या हातात दिली. "चल, विटांची पूड चाळायला घे. बारीक चाळ. तुझी ताई आहे ती."

मामा पोत्याशी बसला आणि चाळू लागला. थोड्या वेळाने मास्तर जाऊन त्याच्या शेजारी बसले, आणि पुडीतले खडे वेचायला लागले.